न्यूझीलंड, मार्गे देवगाव रंगारी

निळसर-हिरव्या पाण्याचा फोटो काढणारा माणूस आयुष्यात कधीही खोटं बोलू शकत नाही, असं अंगद मिसाळ यांचं ठाम मत होतं. असं पाणी टक लावून पाहिलं की माणसाच्या आतला गाळ आपोआप खाली बसतो, असं ते म्हणत. हे मत त्यांनी मंगळवारी सकाळी गाडी चालवता चालवता बायकोला सांगितलं. बुधवारी दुपारी सव्वादोनपर्यंत ते टिकलं.

मिसाळ सर संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. सत्तावीस वर्षं त्यांनी मुलांकडून निसर्गचित्रं काढून घेतली होती, आणि सत्तावीस वर्षं मुलांनी नदी निळी रंगवली होती. नदी निळी नसते हे सरांना दिसत होतं. पण निळी नसते तर मुलांना हे सुचतं कुठून, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. त्यापायी त्यांनी एक जुना कॅमेरा घेतला आणि सुट्टी लागली की ते रंगांच्या मागे हिंडू लागले. पळसाचा केशरी मिळाला, पावसाआधीच्या ढगाचा जांभळा मिळाला. निळा-हिरवा तेवढा राहिला होता.

रत्नमालाबाईंना पाण्याच्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना धाकट्या बहिणीशी होतं. शीला दोन गल्ल्या सोडून राहायची. दिवाळीच्या सुट्टीत ती नवऱ्याबरोबर, म्हणजे साहेबरावांबरोबर, अंदमानला जाऊन आली आणि आल्या आल्या तिनं सगळ्या गोतावळ्याला फराळाला बोलावून टीव्हीवर चारशे बारा फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत शीला होती आणि सगळ्यांत तिच्या मागे निळंशार पाणी होतं. तीनशेव्या फोटोच्या आसपास ती म्हणाली, "ताई, तू पण जाऊन ये गं एकदा. पण दाजींना डोंगर-दऱ्या हुंगण्यातून सवड कुठंय!"

सगळे हसले. रत्नमालाबाईंनी हातातली चकली मोडली, पण खाल्ली नाही.

"मला एक फोटो पाहिजे," घरी येताना त्या म्हणाल्या. "एकच. पुढं मी, मागं तसलं पाणी. आपण कुठं गेलो, कसं गेलो, तिला काही सांगायचं नाही. नुसतं तिचं तोंड बंद झालं पाहिजे."

"निळं पाहिजे की निळसर हिरवं?"

"शीलाच्या पाण्यापेक्षा जास्त."

सरांच्या रंगपेटीत असा रंग नव्हता. पण देवगाव रंगारीच्या पुढे एक खदान होती. नोकरीची पहिली पाच वर्षं सरांनी त्या गावच्या शाळेत काढली होती. तेव्हा खदानीत सुरुंग उडायचे. पुढं दगड काढणं बंद पडलं, खड्डा राहिला, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं त्यात पावसाशिवाय कुणी उतरलं नसावं, असा सरांचा समज होता.

मंगळवारी दोघं खदानीच्या काठावर येऊन उभी राहिली.

खाली काळ्या कातळाच्या ओंजळीत पाणी निजलेलं होतं. मधोमध मोराच्या मानेचा रंग, त्याच्या बाहेर गोटीसोड्याच्या बाटलीचा, आणि ऊन तिरपं पडत होतं त्या कडेला कोवळ्या कैरीच्या सालीचा. एक ढग आला. पाण्याचा रंग गेला. ढग सरकला, तरी रंग लगेच आला नाही; मग काहीतरी आठवल्यासारखा हळूच परत आला. सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला.

"फिरोजी," ते पुटपुटले.

"रामा कलर म्हणतात ह्याला," रत्नमालाबाई म्हणाल्या. "ह्याच्यावर मोतिया ब्लाउज जाईल."

"मोरचुदावानी दिसतंय, सर," मागून आवाज आला. "मेंढरांच्या खुरांना लावतो न्हवं का आमी, तसं."

मुंजाबा उभा होता. सरांचा जुना विद्यार्थी. चौथीत त्यानं मेंढरू हिरवं रंगवलं होतं आणि सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. तेवढ्यावर तो त्यांना अजून देव मानत होता. मागं त्याची दीडशे मेंढरं होती आणि मेंढरांच्या मागं त्याची आई भागूबाई.

"पानी हाय ते," भागूबाई म्हणाली. "पान्याला कसला आलाय रंग? ज्याला तहान नाय त्याला रंग दिसत्यात."

फोटो निघाला. दगडावर बसलेल्या रत्नमालाबाई, मागे ते पाणी, पाण्याच्या मागे काहीच नाही. अकरा चाळीसला त्यांनी तो स्टेटसला टाकला. सोबत एक शब्द नाही. अकरा एकेचाळीसला शीलाचा निरोप आला: "ताई!! कुठं गं??"

रत्नमालाबाईंनी पुष्कळ विचार करून एकच शब्द लिहिला: "ओळख."

मग नातेवाइकांच्या ग्रुपवर ओळखाओळखी सुरू झाली. गोव्यापासून सुरुवात होऊन ती दुपारी जेवणाच्या वेळी मालदीवपर्यंत गेली. चार वाजता शीला स्वतः दोन गल्ल्या ओलांडून बहिणीच्या दारात गेली आणि तिथून तिनं कुलपाचा फोटो पाठवला. त्या कुलपाला अंदमानच्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त अंगठे मिळाले.

"निघू या," पाचच्या सुमाराला सर म्हणाले, पण उठले नाहीत.

"निघू या म्हणजे? सकाळी जाऊन संध्याकाळी घरी आलो, तर पोरासोरांना पण कळेल, आपण कुठवर गेलो असू ते. आज काही मी यायची नाही."

"मला सकाळचा उजेड बघायचाच होता," सर म्हणाले.

अशा रीतीनं दोघांचं एकमत झालं. लग्नाच्या सव्वीस वर्षांतली ही तिसरी वेळ होती. मुंजाबाच्या घरी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि अंगणात दोन खाटा मिळाल्या.

बुधवारी सकाळी अडचण उभी राहिली ती साडीची. एका दिवसाचं जाणं म्हणून रत्नमालाबाई अंगावरच्या साडीनिशी निघाल्या होत्या. त्याच साडीतला दुसरा फोटो म्हणजे शीलाच्या हाती कोलीतच. तेव्हा भागूबाईनं आपली घोंगडी दिली. पहाटेच्या धुक्यात, अंगाभोवती घोंगडी लपेटून, पाण्याकडे पाहणाऱ्या रत्नमालाबाईंचा फोटो सरांनी काढला. पाणी त्या वेळी निळंही नव्हतं आणि हिरवंही नव्हतं. कोणता व्हायचं हे अजून ठरायचं होतं. सर त्यात इतके गुंगले की चौकटीच्या डाव्या कडेला एक मेंढी येऊन उभी राहिली, हे त्यांना दिसलं नाही.

शीलाला दिसलं. तिनं फोटो मोठा करून ग्रुपवर टाकला. "ताई, तुझ्या मागं ती मेंढी आहे का?"

साहेबरावांना पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं होतं, त्यामुळे त्यांना प्रत्येक विषयावर मत देण्याची सवय होती. त्यांनी लिहिलं: "निळं पाणी, थंडी, मेंढी, वरून अंगावर ओरिजनल लोकरीची शाल. न्यूझीलंड. मी कालच म्हणणार होतो."

ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला.

रत्नमालाबाई गप्प राहिल्या. गप्प बसणं म्हणजे होकार, हा नियम आपल्याकडे मुलगी बघण्याच्या कार्यक्रमापासून चालत आलेला आहे.

सव्वादोनला फोन वाजला. रत्नमालाबाईंनी तो सापासारखा नवऱ्याच्या हातात टाकला.

"दाजी, तुम्ही कधी खोटं बोलत नाही," शीला म्हणाली. "खरं सांगा. न्यूझीलंडच ना?"

सरांनी पाण्याकडे पाहिलं. माथ्यावरचं ऊन थेट तळाला टेकलं होतं आणि पाणी आतून दिवा लावल्यासारखं दिसत होतं.

"पाणी फार सुंदर आहे, शीला," ते म्हणाले.

"बघा! मी म्हणलं नव्हतं!" शीला घरातल्या कुणाला तरी ओरडून म्हणाली. इतक्यात एक कोकरू बें बें ओरडलं. "अगं बाई, आवाज पण तिकडचाच येतोय!"

फोन ठेवल्यावर सरांनी बायकोला विचारलं,

"मी खोटं बोललो का?"

"छे. मी पण नाही बोलले. ते लोक आपले आपणच चाललेत."

आणि ते चालतच होते. एका भाच्यानं शंका काढली की न्यूझीलंडचं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढं असतं, मग तिकडं रात्रीचे पावणेदहा वाजले असताना मावशीनं आत्ता टाकलेल्या पाण्याच्या फोटोत ऊन कसं? पण साहेबरावांनी परस्पर उत्तर दिलं: "लांबून येतो फोटो. सकाळचा आत्ता पोचला." भाच्यानं अंगठा पाठवला. एखादी गोष्ट खरी मानायची असं घराण्यानं एकदा ठरवलं की तिची डागडुजीही घराणंच करतं.

गुरुवारी सकाळी मुंजाबा डोकं खाजवत आला.

"सर, रागावू नका. उद्या कातरनी हाय. लोकर कातरायच्या आदी मेंढरं धुवावी लागत्यात. गावात दुसरीकडं पानी नाय."

"कुठे धुणार?"

मुंजाबानं त्या फिरोजी, रामा, मोरचुदी पाण्याकडे पाहिलं.

दुपारपर्यंत दीडशे मेंढरं खदानीच्या उतारावरून एकेक करून पाण्यात गेली. मुंजाबा एकेकाला कवेत घेऊन ढकलायचा, खसाखसा चोळायचा आणि बाहेर काढायचा. मेंढरं बाहेर येऊन अंग झटकायची. प्रत्येक मेंढराबरोबर सहा महिन्यांचं रान पाण्यात उतरत होतं. बारा वाजता अर्ध्या खदानीचा चहा झाला होता, तोही गुळाचा.

"आजचा फोटो?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

सरांनी नुसता हात हलवला.

ग्रुपवर चौकशी सुरू झाली. तब्येत बरी आहे ना? रत्नमालाबाईंनी लिहिलं, "आज विश्रांती." साहेबरावांनी लगेच खाली खुलासा केला, "विमानाचा शीण. मला अंदमानला पण आला होता." त्यानंतर रत्नमालाबाईंनी फोन भागूबाईच्या फडताळात ठेवला आणि करमेना म्हणून त्या नवऱ्याशेजारी दगडावर जाऊन बसल्या.

त्या दुपारी काहीच घडलं नाही. गाळ खाली बसत होता, एवढंच. आधी वरचा हातभर थर फिकट झाला. मग पलीकडच्या खोल बाजूचा निळा वाट काढत, चाचपडत अलीकडे येऊ लागला. जणू झोपलेल्या घरात कुणी अनवाणी चालत यावं. एक खंड्या पाण्यावर सुरीसारखा चालून गेला आणि त्याच्या मागे बारीक रेघ उमटून मिटली. उन्हं उतरली तेव्हा पाण्यात कैरीचा रंग आला होता आणि रत्नमालाबाईंचे पाय घोट्यापर्यंत त्या रंगात होते. ते पाय आपले नाहीत, एखाद्या लहान मुलीचे आहेत, असं त्यांना वाटलं.

"तुम्ही हे असलं बघत बसता होय, इतकी वर्षं?"

"हो."

"मला कधी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, येताना कोथिंबीर आणा."

रत्नमालाबाईंना ते आठवलं. फोन फडताळात वाजत राहिला.

शुक्रवारी फोन उघडला तेव्हा त्यात फ्लेक्स होता.

आमच्या शहरात माणूस जन्मला, दहावी झाला, नवी गाडी घेतली किंवा नुसता नीट घरी आला, तरी फ्लेक्स लागतो. साहेबरावांनी चौकात लावलेला फ्लेक्स पंधरा फूट उंच होता. "न्यूझीलंडचा यशस्वी दौरा करून मायदेशी परतणारे कलामहर्षी श्री. अंगदराव मिसाळ व सौ. रत्नमालाताई यांचे उस्मानपुरा नगरीत सहर्ष स्वागत." एका कोपऱ्यात घोंगडीतल्या रत्नमालाबाई आणि मेंढी होत्या. सर नव्हते, कारण फोटो काढणाऱ्याचा फोटो कुणाकडेच नव्हता. उरलेल्या दहा फुटांत हात जोडलेले साहेबराव होते.

पाठोपाठ शीलाचा फोन आला. "ताई, रविवारी सकाळच्या मुंबईच्या विमानानं येताय ना? सोमवारी दाजींची शाळा उघडते, म्हणजे त्याच विमानानं. आम्ही पन्नासजण येतोय चिकलठाण्याच्या विमानतळावर. हार, ढोल, सगळं सांगितलंय ह्यांनी. आणि माझ्या सासूबाई पण यायचं म्हणतात. त्यांना अजून पटत नाही ना, तू गेलीस म्हणून."

फोन ठेवला तेव्हा रत्नमालाबाईंचा चेहरा त्या कातळासारखा झाला होता.

"सांगून टाकू या," सर म्हणाले.

"काय सांगू? देवगावला मेंढरं धूत बसलो होतो म्हणून? जन्मभर हसतील मला. प्रत्येक बारशाला, प्रत्येक डोहाळजेवणाला. आणि फ्लेक्स लागलाय हो! छापलेलं खोटं कसं म्हणायचं?"

सरांनी शांतपणे विचार केला. विमानतळातून बाहेर यायचं असेल तर आधी आत असावं लागतं. आत असायचं तर विमानातून उतरावं लागतं. विमानातून उतरायचं तर ते जिथून निघतं तिथे जाऊन बसावं लागतं. म्हणजे मुंबईहून संभाजीनगरला यायचं, आणि त्यासाठी आधी मुंबईला जायचं. आपल्या शहरातल्या स्टेशनावर कुणी पाहिलं तर घोटाळा, म्हणून गाडी पकडायची ती वैजापूरजवळच्या रोटेगावाहून.

"आणि सामान?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "न्यूझीलंडहून माणूस पिशवी हलवत येतो का?"

अंगणात कातरणी चालू होती. धुतलेल्या लोकरीचे ढीग उन्हात फुगत होते. भागूबाईनं कात्री खाली ठेवली.

"लोकर न्या की. लई पडलीय. कोन इचारत नाय तिला."

"न्यूझीलंडची म्हनून वाटा," मुंजाबा म्हणाला. "मेंढराला कुठं ठाव हाय, त्ये कुटलं हाय त्ये."

शनिवारी सरांची गाडी अंगणातच ठेवून मुंजाबानं त्यांना मेंढरं न्यायच्या टेम्पोत पुढं बसवून नेलं. वैजापूरच्या बाजारात चाकांच्या दोन मोठ्या बॅगा आणि बाईंसाठी एक नवी साडी घेतली. बॅगांत लोकर ठासून भरली, वर बसून चेन लावली. निघताना मुंजाबा सरांच्या पाया पडला. "परत या, सर. पुढच्या कातरनीला."

मुंबईत उतरल्यावर संध्याकाळी दोघं समुद्रावर गेली, कारण पुढच्या सकाळपर्यंत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पाणी खाकी होतं. सरांनी सवयीनं कॅमेरा काढला.

"राहू द्या," रत्नमालाबाई म्हणाल्या. "ह्यात काही नाही."

चार दिवसांपूर्वी त्यांना त्यात नुसतं पाणी दिसलं असतं.

रविवारी विमानात बसल्यावर त्या उत्तरं पाठ करू लागल्या. "लोक कसे? चांगले. जेवण? फिकं. मेंढ्या? लई." शीलाची सासू गावातल्या बारा लग्नांत खोट्या सोन्याचे दागिने नुसत्या नजरेनं ओळखून आलेली बाई होती. तिच्यासमोर लोकर कितपत टिकेल, सांगता येत नव्हतं. "तिनं विचारलं ना, तर मी सांगून टाकणार," त्या अचानक म्हणाल्या. "सगळं. खदानीसकट. हसू देत काय हसायचं ते. पाणी तर खरं होतं ना?"

"खरं होतं," सर म्हणाले.

विमान खाली येऊ लागलं. ढग फाटले आणि खाली वैजापूरकडची शेतं दिसली. आणि शेताशेतांत शेततळी. चौकोनी, एवढाली एवढाली, शेकडो. एक निळं, एक हिरवं, एक दोन्हींच्या मधलं. सूर्य एकेकात उतरून पेटत होता आणि पुढच्यात जात होता. कुणाच्या तरी हातून मण्यांची पेटी सांडावी, आणि त्यानं ती न उचलता नुसतं पाहत बसावं, तसं ते होतं. सत्तावीस वर्षांच्या सगळ्या मुलांनी रंगवलेलं निळं इथे एका जागी होतं. सरांचा कॅमेरा डोक्यावरच्या कप्प्यात होता आणि पट्टा सोडायची बंदी होती.

रत्नमालाबाईंनी काचेला कपाळ टेकलं. "उठू नका," त्या म्हणाल्या. "नुसतं बघा."

चिकलठाण्याला उतरल्यावर रत्नमालाबाईंनी पदर सारखा केला, केस सारखे केले, छाती भरून श्वास घेतला आणि लोकरीची बॅग ओढत त्या दारातून बाहेर आल्या.

बाहेर कुणीही नव्हतं. हार नव्हते, ढोल नव्हते, सासूबाई नव्हत्या. एक रिक्षावाला होता, तो झोपला होता.

त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग फोन लावला. पुष्कळ वेळानं तो उचलला गेला. मागे बादल्यांचा आवाज येत होता आणि शीला धापा टाकत होती.

"ताई, आलात का? अगं, निघालोच होतो आम्ही, ढोलवाले दारात उभे होते. आता त्यांच्या पण घरी गडबड आहे, ते पण पळाले. सासूबाई गच्चीवर पाइप धरून बसल्यात. तू रिक्षानं ये, पण पटकन ये, तुमच्या टाकीचं पाणी मी बाहेरूनच चालू केलंय, वर जाऊन बघायला कुणी नाही. न्यूझीलंडचं नंतर सांग सावकाश!"

उस्मानपुऱ्यात त्या सकाळी नऊ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं.